बाईंच्या मर्जीतल्या मुली

शाळेत गायन शिकवणाऱ्या एका अविवाहित गृहस्थाच्या दुहेरी पलंगावर, उशीखाली नीट घडी घालून ठेवलेला एक तलम रेशमी नाइटगाउन सापडतो. तो सापडतो त्याच शाळेत शिवण शिकवणाऱ्या एलेन कर या बाईंना. या बाई आपल्या बहिणीला सोबत घेऊन त्या गृहस्थांचे घर सांभाळायला जाऊ लागलेल्या असतात, आणि तेही स्वतःच्या हौसेने नव्हे, तर त्याच शाळेतल्या शिक्षिका जीन ब्रॉडी, म्हणजे ब्रॉडीबाई, यांचा त्या घरातला वावर कोणीतरी रोखला पाहिजे असे दुसऱ्या एका शिक्षिकेने ठरवलेले असते म्हणून. एलेनबाई गाउन पाहतात, त्याचे कापड कोणते आहे हेही पाहून घेतात, आणि मग ही बातमी योग्य त्या कानांपर्यंत पोचेल याची तजवीज करतात. त्या तजविजीत शाळेच्या अब्रूची चिंता किती आणि त्या कापडाला हात लागल्याची शिरशिरी किती, हे लेखिका सांगत नाही. ती फक्त कापडाचे नाव देते आणि पुढे जाते.

हा लहानसा प्रसंग म्यूरिएल स्पार्क या स्कॉटिश लेखिकेच्या ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ या १९६१ साली आलेल्या कादंबरीतला आहे. बायकांचे कंपू, त्यांतले राजकारण आणि त्याखाली दडपलेली वासना यांवरच्या काळ्या विनोदाच्या कादंबऱ्यांचे इंग्रजीत सध्या चांगलेच पीक आले आहे. त्यांतल्या बऱ्याच मी आवडीने वाचल्या आहेत, परंतु त्यांत रक्त फार लवकर सांडते आणि जे दडपलेले आहे असे आपल्याला सांगितले जाते, ते तिसऱ्या प्रकरणापर्यंत चव्हाट्यावर येऊन नाचू लागते. स्पार्कबाईंच्या कादंबऱ्यांत कोणीही आवाज चढवत नाही. चहा होतो, केकचे तुकडे वाढले जातात, कवितांचे पाठांतर होते, आणि या सगळ्या शिष्टाचाराच्या आडून कोणाचे तरी आयुष्य उठते. माझे म्हणणे एवढेच आहे की या लेखिकेला कंपूचे एक मर्म नेमके सापडले होते: ज्या बाईला स्वतःसाठी काही मागता येत नाही, ती ते दुसरीच्या नावावर मागते, आणि कंपू ही अशा परभाऱ्या मागण्यांची सोय असते.

ब्रॉडीबाईंना स्वतःसाठी मागता का येत नाही, याचे कारण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धाने ब्रिटनमधल्या तरुणांची एक पिढीच कापून काढली. १९२१ च्या जनगणनेत एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या सुमारे १७ लाखांनी जास्त भरली, आणि वर्तमानपत्रांनी या स्त्रियांना सरळ ‘शिल्लक’ ठरवून टाकले. त्यातच शिक्षिकेने लग्न केले की नोकरी सोडायची, असा नियम बहुतेक ठिकाणी होता आणि तो १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. म्हणजे ज्या बाईचा वाग्दत्त वर फ्लँडर्सच्या रणभूमीवर युद्धबंदीच्या आठवडाभर आधी पडला, तिच्यापुढे शाळा होती, किंवा (कोणी मिळालाच तर) नवरा होता. दोन्ही एकत्र नव्हते. अशा स्त्रिया १९३० च्या दशकातल्या एडिनबरा शहरात पायलीला पन्नास होत्या, हे लेखिकेनेच नमूद केले आहे. कोणी कलेत मन रमवले, कोणी समाजसेवेत, कोणी धर्मात. ब्रॉडीबाईंनी दहा वर्षांच्या सहा मुली निवडल्या.

स्पार्क यांचा जन्म १९१८ साली एडिनबरातच झाला आणि तिथल्या जेम्स गिलेस्पी मुलींच्या शाळेत क्रिस्टिना के नावाच्या शिक्षिका त्यांना लाभल्या. ब्रॉडीबाईंचे मूळ या के बाईंमध्ये आहे हे स्पार्क यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. अर्थात मूळ आणि झाड यांत फरक असतोच. कादंबरीतल्या बाई वर्गात गणिताच्या तासाला फळ्यावर एक लांबलचक भागाकार लिहून ठेवतात, म्हणजे कोणी डोकावले तर अभ्यास चालू दिसावा, आणि मुलींना मात्र आपल्या मृत प्रियकराची, इटलीतल्या सुट्टीची आणि मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्या शिस्तबद्ध सैनिकांची हकीकत सांगतात. मुलींना अभ्यासापेक्षा यात रस वाटतो यात नवल काही नाही. मलाही वाटला असता.

सहा मुलींपैकी प्रत्येकीला एकेक बिरुद मिळालेले आहे. मोनिका गणितासाठी आणि संतापासाठी, युनिस कसरतींसाठी, जेनी रूपासाठी, सँडी तिच्या बारीक डोळ्यांसाठी, रोझ पुरुषांना वाटणाऱ्या आकर्षणासाठी, आणि मेरी मॅकग्रेगर कशाहीसाठी नाही. मेरी मठ्ठ आहे, गप्प आहे आणि प्रत्येक गोष्टीचा दोष तिच्यावर ढकलायची सगळ्यांना सवय आहे. शाई सांडली तरी मेरी, हसू आले तरी मेरी. कोणताही कंपू ज्याने कधी आतून पाहिला आहे त्याला ही जागा ओळखू येईल. ती रिकामी राहिली तर कंपू चालत नाही, म्हणून ती भरूनच ठेवावी लागते.

या बाबतीत कादंबरीत एक विलक्षण क्षण आहे. बाई मुलींना घेऊन जुन्या एडिनबरातल्या गरीब वस्तीतून फिरायला निघाल्या आहेत. सँडी मेरीबरोबर चालते आहे, आणि तिला एकाएकी वाटून जाते की आपण मेरीशी चांगले वागावे. तेवढ्यात पुढून बाईंचा आवाज कानावर पडतो आणि तिची ती उबळ जिथल्या तिथे जिरते. सँडी मागे वळून सोबतच्या मुलींकडे पाहते, आणि तिला त्या सगळ्या मिळून एकच देह असल्यासारख्या दिसतात, ज्याचे डोके ब्रॉडीबाई आहेत. मेरीशी चांगले वागणे म्हणजे या देहापासून तुटणे, हे तिला त्या वयात कळते, आणि म्हणून ती मेरीला आणखीच टोचून बोलते. त्याच फेरफटक्यात तिच्या हेही लक्षात येते की आपण सगळ्या म्हणजे बाईंचे काळे शर्टवाले आहोत. बाईंना गर्ल गाइड्सच्या पथकांचा तिटकारा आहे तो कदाचित मत्सरामुळे असेल, कारण ते दुसऱ्या कोणाचे तरी सैन्य आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात लेखिकेने घातलेला हा विचार हास्यास्पद वाटतो आणि तरीही पूर्णपणे पटतो.

मुलींच्या कुतूहलाचा भाग तर या पुस्तकातला सर्वांत विनोदी भाग आहे. वॉटर ऑफ लीथ नदीच्या काठी एक माणूस जेनीसमोर असभ्य वर्तन करतो, आणि तिची चौकशी करायला एक महिला पोलीस येते. सँडीला त्या माणसाविषयी काहीच वाटत नाही. तिला ध्यास लागतो तो तिने कधीच न पाहिलेल्या त्या महिला पोलिसाचा. ती जेनीकडून एकेक तपशील काढून घेते. तिची टोपी कशी होती, ती काय म्हणाली, अमुक एक शब्द तिने कसा उच्चारला. मग मनातल्या मनात ती तिला नाव देते, पद देते, आणि स्वतः तिची उजवा हात असलेली सहकारी बनून, एडिनबरा शहरातून सगळी ‘घाण’ समूळ नष्ट करण्याच्या मोहिमेवर निघते. ओढ एका बाईची आहे आणि तिला रूप मिळाले आहे पावित्र्याच्या मोहिमेचे. त्या वयात सँडीला हे कळत नाही, आणि त्या शहरातल्या कोणाला ते कधी कळले असते असेही वाटत नाही. ओढ आणि पहारा यांची ही गाठ जी बालपणी बसते, ती सँडीच्या बाबतीत शेवटपर्यंत सुटत नाही.

इकडे बाईंचे स्वतःचे प्रेम आहे ते चित्रकला शिकवणाऱ्या टेडी लॉइडवर. युद्धात एक हात गमावलेला हा माणूस विवाहित आहे, कॅथलिक आहे आणि त्याला भरपूर मुले आहेत. बाई उदात्तपणे त्याचा त्याग करतात, आणि या त्यागाचा ताण सोसवत नाही म्हणून गायन शिकवणाऱ्या गॉर्डन लोदर यांच्याकडे दर शनिवारी जाऊन त्यांना खाऊ घालू लागतात. हे खाऊ घालणे स्पार्क यांनी असे रंगवले आहे की पोट भरलेल्या वाचकालाही गुदमरावे. बिचारे लोदर एकापाठोपाठ एक पदार्थ संपवत असतात आणि बाई समोर बसून, दोन-दोनच्या गटाने चहाला बोलावलेल्या मुलींकडून, लॉइडच्या घरी काय चालते याची बारीकसारीक माहिती काढत असतात. लॉइड या मुलींची चित्रे काढतो. मुलगी कोणतीही समोर बसो, चित्रातला चेहरा ब्रॉडीबाईंचाच उतरतो.

हे कळल्यावर बाईंच्या डोक्यात जी योजना शिजते ती या पुस्तकाचा गाभा आहे. आपण त्याला नकार दिला आहे. तर मग आपल्या वतीने, मोठी झाल्यावर, रोझने त्याची प्रेयसी व्हावे, कारण ती त्यासाठीच ‘प्रसिद्ध’ आहे. आणि सँडीकडे मर्मदृष्टी आहे म्हणून तिने सर्व वृत्तांत आपल्याला आणून द्यावा. एकीने देह द्यावा, दुसरीने डोळे द्यावेत, आणि आपण चारित्र्य शाबूत ठेवून सगळे भोगावे, अशी ही वाटणी आहे. बाईंना त्यात काही गैर दिसत नाही, उलट आपण मुलींना आयुष्याचे दान देत आहोत असेच त्यांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात घडते ते उलटे. रोझला पुरुषांमध्ये फारसा रस कधी नव्हताच, ती बाईंचा प्रभाव पाण्यातून निघालेल्या कुत्र्याने अंग झाडावे तसा झाडून टाकते आणि यथाकाल लग्न करून मोकळी होते. लॉइडशी संबंध जुळतो तो शाळा सोडलेल्या, अठरा वर्षांच्या सँडीचा, आणि बाईंकडे त्याची बातमी आणते रोझ. सँडीला तरी लॉइडमध्ये रस कितपत असतो? तिला रस असतो त्याच्या मनात ठाण मांडून बसलेल्या ब्रॉडीबाईंमध्ये. कालांतराने ती त्या माणसाला सोडते आणि त्याचा धर्म मात्र घेऊन येते. कॅथलिक होते, पुढे जोगीण होऊन मठाच्या गजांआड जाते. स्पार्क स्वतः १९५४ साली कॅथलिक झाल्या होत्या, त्यामुळे धर्मांतराची थट्टा त्या करणार नाहीत असा माझा समज होता. त्यांनी तीही केली आहे, फक्त अधिक हलक्या हाताने.

या विनोदाला काळा रंग येतो तो कथनाच्या एका युक्तीमुळे. कोणाचे पुढे काय होणार हे लेखिका आधीच सांगून टाकते. मेरी मॅकग्रेगर तेविसाव्या वर्षी एका हॉटेलला लागलेल्या आगीत मरणार आहे, धुराने भरलेल्या बोळकंडीत इकडून तिकडे आणि तिकडून इकडे धावत, हे आपल्याला अगदी सुरुवातीलाच कळते. त्यानंतर शाळेतली मेरी जेव्हा जेव्हा दिसते तेव्हा ती आपल्यासाठी मेलेलीच असते, आणि तरीही तिच्या मठ्ठपणावर आपल्याला हसू येतच राहते. विज्ञानाच्या तासाला मॅग्नेशियमची पूड भपकन पेटते आणि घाबरलेली मेरी दोन बाकांच्या मधल्या जागेत अशीच मागेपुढे धावू लागते, तेव्हा असा मूर्खपणा करू नकोस असे तिला सुनावले जाते. वाचक हसतो की नाही हे त्याचे त्याने पाहावे. सटवाईने सहाव्या दिवशी कपाळावर लिहून ठेवावे तशी ही लेखिका आपल्या पात्रांची कपाळे लिहून ठेवते, आणि हे करण्यामागे तिचा हेतू आहे. ज्याचा त्याचा उद्धार किंवा नाश देवाने जन्माआधीच ठरवलेला असतो, असे सांगणाऱ्या कॅल्व्हिनपंथाच्या छायेत एडिनबरा वाढले. ब्रॉडीबाई त्या पंथाच्या चर्चमध्ये विशेष रमत नाहीत, परंतु मुलींच्या बाबतीत त्या नेमका तोच देव होऊन बसतात, ज्याला आरंभ आणि शेवट दोन्ही दिसतात. सँडीला हे पुढे उमगते. लेखिकाही तोच खेळ खेळते आहे हे मात्र वाचकाला आपले आपण ओळखावे लागते.

बाईंच्या सांगण्याची खरी किंमत मोजते ती कंपूबाहेरची मुलगी. जॉइस एमिली नावाची श्रीमंत, द्वाड आणि सर्व शाळांनी हाकललेली मुलगी या सहाजणींत शिरू पाहते, आणि कोणी तिला घेत नाही. बाई तिला एकटीला वेळ देतात. स्पेनमधले यादवी युद्ध सुरू झालेले असते. बाई तिला फॅसिस्टांचा पाठिंबा असलेल्या सेनापती फ्रँकोच्या बाजूने लढायला जाण्याची फूस देतात, आणि वाटेतच तिच्या गाडीवर हल्ला होऊन ती मरते. मर्जीत येण्यासाठी काहीही करायला तयार असलेली मुलगी ही अशा बाईंच्या हातातले सर्वांत धोकादायक हत्यार असते, आणि हे लेखिकेने चार-दोन वाक्यांत, कोठेही न थांबता, उरकले आहे.

मुख्याध्यापिका मॅके यांना ब्रॉडीबाई कित्येक वर्षे शाळेतून घालवायच्या असतात. त्यासाठी त्या नाइटगाउनचा माग काढतात, मुलींना आपल्या खोलीत बोलावून गोड बोलून पाहतात, लोदर यांच्या घरच्या शनिवारांची चौकशी करतात. पुरावा मिळत नाही. शेवटी सँडी त्यांना सुचवते की या मार्गाने बाई सापडणार नाहीत, राजकारणाच्या मार्गाने सापडतील. १९३९ मध्ये फॅसिझमचा प्रचार केल्याच्या कारणावरून बाईंना निवृत्त व्हावे लागते. गंमत अशी की मॅकेबाईंना फॅसिझमशी काही देणेघेणे नव्हते. मुसोलिनीचे कौतुक शाळेत इतकी वर्षे उघडउघड चालले होते आणि कोणी हूं का चूं केले नव्हते. ज्यात कोणाचाही जीव जाऊ शकत नव्हता त्या नाइटगाउनच्या मागे सगळी शाळा लागली होती, आणि ज्याने एका मुलीचा जीव घेतला ते केवळ सोयीचे निमित्त म्हणून वापरले गेले. स्वतः बाईंचे मतपरिवर्तनही याच तोलाचे होते. युद्ध संपल्यावर हिटलरविषयी त्या सँडीला म्हणतात की तो जरा वात्रटच होता.

दोनच वर्षांनी, १९६३ साली, स्पार्क यांनी ‘द गर्ल्स ऑफ स्लेंडर मीन्स’ लिहिली, आणि माझ्या मते कंपूचे शरीरशास्त्र त्यात अधिक निर्दयपणे आले आहे. काळ आहे १९४५ चा उन्हाळा, युरोपातले युद्ध संपले आहे आणि जपानशी चाललेले अजून संपायचे आहे. स्थळ आहे लंडनमधले नोकरी करणाऱ्या, तिशीच्या आतल्या, बेताच्या मिळकतीच्या मुलींचे एक वसतिगृह. स्पार्क स्वतः १९४४ मध्ये लंडनच्या हेलेना क्लब या अशाच वसतिगृहात राहिल्या होत्या. कपडे कुपनांवर, साबण मोजून, लोणी नावापुरते. सगळ्या वरच्या मजल्यावर मिळून एकच उंची पोशाख आहे, स्कियापारेल्ली या पॅरिसच्या विख्यात पेढीचा, जो एकीला तिच्या श्रीमंत मावशीकडून मिळाला आहे. साबणाच्या किंवा कुपनांच्या मोबदल्यात तो एका संध्याकाळपुरता भाड्याने मिळतो. अर्थात ज्यांना तो अंगात येतो त्यांनाच.

पुण्यात मी ज्या वसतिगृहात होते तिथे असा पोशाख नव्हता, पैठणी होती. येवल्याच्या एका मुलीची मोरपिशी पैठणी दाखवण्याच्या कार्यक्रमाला जाणारी प्रत्येक मुलगी नेसून जाई. साडी सगळ्यांना होते, ब्लाउज होत नाही, आणि सगळी मेख तिथे होती. त्या ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना आत कापड सोडलेले होते. कोणासाठी शिलाई उसवायची आणि कोणाला ‘तू आपला काळा ब्लाउज घाल, खपून जाईल’ असे सांगायचे, हे मालकीण ठरवत नसे, तिच्या खोलीत रात्री जमणाऱ्या चौघी-पाचजणी ठरवत. लग्न या विषयावर त्या खोलीत अहोरात्र बोलणे चाले, स्थळांच्या पगारापासून सासूच्या दातांपर्यंत, आणि एखादा पुरुष कोणाला नुसता आवडतो असे वाक्य त्या खोलीत उच्चारणे अशक्य होते.

स्पार्क यांच्या वसतिगृहात हीच निवड इंचांत मोजली जाते. वरच्या मजल्याच्या स्वच्छतागृहाला एक चिंचोळी खिडकी आहे, तिच्यातून सपाट छतावर जाता येते. सव्वाछत्तीस इंचांच्या आतले नितंब असलेल्या मुलीच तिच्यातून, अंगाला काहीतरी चोपडून, तिरप्या होऊन बाहेर पडू शकतात. सेलिना नावाची सुंदर मुलगी रात्री छतावर आपल्या प्रियकराला भेटते. ती सकाळ-संध्याकाळ तोल आणि आत्मविश्वास यांविषयीची दोन वाक्ये मंत्रासारखी म्हणत असते. जेन लठ्ठ आहे, प्रकाशकाकडे काम करते आणि आपण ‘बुद्धीचे काम’ करतो म्हणून जास्त खाल्ले पाहिजे असे सर्वांना ऐकवते. धर्मोपदेशकाची मुलगी जोआना ही वक्तृत्वाची शिकवणी घेते आणि दिवसभर खणखणीत आवाजात कविता म्हणते. तिची कथा ऐकण्यासारखी आहे: वडिलांच्या हाताखालच्या एका उपदेशकावर तिचे प्रेम बसले, ते जुळले नाही. पुढे दुसरा उपदेशक आला आणि तिचे मन त्याच्याकडे ओढ घेऊ लागले. परंतु खरे प्रेम बदलत नसते असे शेक्सपिअरने एका सुनीतात म्हटलेले असल्यामुळे, पहिल्याशी कधीही नसलेल्या नात्याला जागून तिने दुसऱ्याचा त्याग केला. तेव्हापासून कविता.

आता या इमारतीला वर आणखी एक वाट होती. छतात एक झरोका होता, आणि तिथून कधीकाळी कोणी पुरुष आत शिरला, अशी कथा होती. तो विटांनी बुजवून टाकण्यात आला होता. बागेत न फुटलेला बॉम्ब आहे असे वयाची अट केव्हाच ओलांडलेली एक जुनी रहिवासी सर्वांना सांगत असते, आणि म्हातारीचे काहीतरी म्हणून कोणी मनावर घेत नाही. बॉम्ब फुटतो. वायूची नळी पेट घेते, जिना तुटतो, बारीक मुली खिडकीतून छतावर निसटतात, आणि उरलेल्या मुली आत मापे मोजत राहतात. अग्निशामक दलाचे जवान तो बुजवलेला झरोका फोडू लागतात तेव्हा वेळ हातातून निघून चाललेली असते. शीलरक्षणासाठी बांधलेल्या विटा फोडायला किती मिनिटे लागतात यावर मुलींचा जीव टांगलेला आहे, आणि या उपहासावर लेखिका एका शब्दाचेही भाष्य करत नाही. सेलिना सुटलेली असते. ती पुन्हा खिडकीतून आत शिरते. छतावरच्या प्रियकराला वाटते ती कोणाला तरी वाचवायला गेली. ती बाहेर येते तेव्हा तिच्या हातांवर काहीतरी लांब, लोंबणारे असते आणि क्षणभर तो देह वाटतो. तो स्कियापारेल्लीचा पोशाख असतो. बाकीच्या मुली शिडीवरून वर चढतात. सर्वांत शेवटी राहिलेली जोआना प्रार्थनेतली स्तोत्रे म्हणत असतानाच इमारत कोसळते.

ज्या दशकात ब्रॉडीबाई एडिनबरात आपला कंपू चालवत होत्या, त्याच दशकात, १९३३ साली, पुण्यामुंबईच्या सुशिक्षित, कमावत्या, अविवाहित स्त्रियांच्या कोंडमाऱ्याला मराठीत वाचा फुटली होती. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहाने केवढा गदारोळ उठवला, आणि ही विभावरी कोण याचा शोध किती चवीने घेतला गेला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना टोपणनावाआड जावे लागले हेच पुरेसे बोलके आहे. या दोन लेखिका शेजारी ठेवून पाहिल्या की मला आपल्याकडच्या एका उणिवेचे कारण सापडल्यासारखे वाटते. प्रौढ कुमारिका शिक्षिकेला शरीर आहे आणि मन आहे, एवढे मान्य करून घेण्यातच विभावरींची शक्ती खर्ची पडली. आणि त्याच शिक्षिकेवर पुरुष विनोदकार तोवर यथेच्छ हसून घेत होते. अशा वेळी आतल्या बाईने उपहासाचे शस्त्र उपसले असते तर ते शत्रूच्याच कामी आले असते. म्हणून आपल्या लेखिकांनी दुःख लिहिले, बंड लिहिले, परंतु एक दबलेली स्त्री दुसऱ्या दबलेल्या स्त्रीला कशी वापरून घेते, हे हसत हसत लिहिणे त्यांनी बराच काळ टाळले. हळदीकुंकू, भिशी आणि महिला मंडळ यांवर आपल्याकडे विनोद उदंड आहे. तो गुदगुल्या करतो आणि सगळ्याजणी शेवटी मनाने चांगल्या निघतात.

स्पार्क यांना स्त्रियांचा द्वेष होता, असा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो मला पटत नाही. द्वेष करणाऱ्याने त्या शिक्षिकांच्या एकटेपणाची इतकी अचूक नोंद ठेवली नसती. त्यांच्याकडे दया कमी होती हे खरे. परंतु दयेचा जो प्रकार आपण कथेत शोधतो, त्यात आपण पात्राच्या बाजूने आहोत असे वाटून घेण्याचे वाचकाचे सुखच अधिक असते, आणि ते सुख त्या देत नाहीत.

ब्रॉडीबाईंच्या कादंबरीवर १९६९ साली चित्रपट निघाला आणि मॅगी स्मिथ यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. त्यांचे काम अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र चित्रपटात सँडी बाईंच्या तोंडावर सगळे बोलते, आरोप करते, आणि स्पेनला जाऊन मरते ती जॉइस एमिली नव्हे तर मेरी. त्यामुळे सगळा हिशेब चुकता होतो, आणि इतकी वर्षे दाबलेले एकदाचे बोलून टाकल्यावर ते दाबलेले राहत नाही. पुस्तकात असा सामना कधीच होत नाही. आपल्याला कोणी दगा दिला याचा विचार बाई अखेरपर्यंत करत राहतात, एकदा त्यांना मेरीचाही संशय येतो, आणि सँडी समोर बसून तो ऐकून घेते. तेव्हा चित्रपट आधी पाहिला असेल तर तो बाजूला ठेवून पुस्तक वाचावे, आणि वाचताना मेरी मॅकग्रेगरवर मुद्दाम नजर ठेवावी. पहिल्या वाचनात तिच्याकडे पाहायला कोणालाही सवड होत नाही.